दहा थेंब पाणी आणि गॅमा किरणांचा स्पंद

कर्जतहून खोपोलीला जाणारी गाडी पळसदरीला मुख्य मार्ग सोडते. खोपोली जवळ आली, की सह्याद्रीच्या उतारावरून खाली उतरलेले जाडजूड नळ दिसू लागतात. माथ्यावरच्या लोणावळा, वळवण आणि शिरवटा या तलावांचे पाणी या नळांतून सुमारे ५०० मीटर खाली येते, पेल्टन चक्रे फिरवते आणि पुढे पाताळगंगेला मिळते. टाटांच्या जलविद्युत कंपनीची स्थापना १९१० मध्ये झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यातील भिवपुरी येथेही असेच वीजघर सुरू झाले. या भागातील शाळांच्या सहली तेथे जातात आणि ‘स्थितिज ऊर्जेचे गतिज ऊर्जेत रूपांतर’ हा धडा मुलांना डोळ्यांनी पाहायला मिळतो.

या लेखात आम्ही ज्या विषयाचा इतिहास सांगणार आहोत, तो या वीजघरापासून फार दूरचा वाटेल. इलेक्ट्रॉनांचा झोत आणि लेसरचा प्रकाश यांची समोरासमोर टक्कर घडवून गॅमा किरणांचे अतिशय आखूड स्पंद निर्माण करणे, हा तो विषय. कर्जत-खालापूर तालुक्यांत असा प्रयोग कोठेही झालेला नाही. तरीही सुरुवात खोपोलीपासून करण्यास एक कारण आहे. ते एका साध्या गणितात दडले आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १०० टेरावॅट जातीचा लेसर आहे. टेरावॅट म्हणजे दहा लाख मेगावॅट. खोपोली वीजघराची स्थापित क्षमता ७२ मेगावॅट आहे. म्हणजे या लेसरची शक्ती खोपोलीच्या सुमारे १४ लाख पट झाली! वर्गात हा आकडा सांगितला, की एखादा चुणचुणीत विद्यार्थी विचारतोच, “मग खोपोली कशाला हवी? लेसरनेच सगळी मुंबई का उजळत नाहीत?” प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचे उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

त्या लेसरचा एक स्पंद सुमारे २५ फेम्टोसेकंद टिकतो. एका सेकंदाचे दहा लाख भाग करा, त्यातील एका भागाचे पुन्हा दहा लाख भाग करा, आणि त्यातीलही एकाचे हजार. हा झाला एक फेम्टोसेकंद. शक्तीला काळाने गुणले की ऊर्जा मिळते. १०० टेरावॅट गुणिले २५ फेम्टोसेकंद म्हणजे अडीच ज्यूल. आता खोपोलीच्या नळातून अर्धा मिलिलिटर, म्हणजे साधारण दहा थेंब पाणी ५०० मीटर खाली आले तर किती ऊर्जा मिळते, ते काढून पाहा. तीही अडीच ज्यूलच येते. चौदा लाख खोपोलींएवढा तो लेसर एका स्पंदात दहा थेंब पाण्याएवढेच काम करतो! शिवाय ते दहा थेंब मिळवण्यासाठी भिंतीवरच्या जोडणीतून त्याच्या शंभर पटींहून अधिक वीज खर्ची पडते, ते वेगळेच.

म्हणजे येथे ऊर्जा निर्माण होत नाही, ती काळात एकवटली जाते. खोपोलीचे तलाव याच्या नेमके उलट काम करतात. चार महिन्यांचा पाऊस ते बारा महिन्यांवर पसरतात. पसरणे आणि एकवटणे या दोन्ही गोष्टींची माणसाला गरज असते. एकवटण्याचा इतिहास कसा घडला, ते आता पाहू.

कॉम्प्टनची टक्कर

१९२३ मध्ये आर्थर कॉम्प्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाने क्ष-किरण ग्रॅफाइटवर सोडले आणि बाजूला विखुरलेल्या किरणांची तरंगलांबी मोजली. ती वाढलेली होती. क्ष-किरण हा फोटॉन नावाच्या कणांचा मारा आहे असे मानले, तर याचा उलगडा सहज होतो. फोटॉन स्वस्थ बसलेल्या इलेक्ट्रॉनावर आदळतो, आपली थोडी ऊर्जा त्याला देतो आणि स्वतः दुबळा होऊन निघून जातो. या शोधासाठी कॉम्प्टन यांना १९२७ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. वरच्या वर्गांत आपण हा परिणाम शिकवतो, तो येथवरच.

पण टक्कर ही दोन्ही बाजूंनी चालणारी गोष्ट आहे. इलेक्ट्रॉन स्वस्थ न बसता प्रचंड वेगाने समोरून येत असेल तर काय होईल? कर्जतच्या फलाटावर उभे राहून कोणी ताशी २० किलोमीटर वेगाने रबरी चेंडू टाकला आणि तो ताशी ८० किलोमीटर वेगाने समोरून येणाऱ्या इंजिनावर आदळला, असे समजा. (हा प्रयोग कागदावरच करावा!) इंजिनाच्या दृष्टीने चेंडू ताशी १०० किलोमीटर वेगाने येतो आणि तेवढ्याच वेगाने परत उडतो. फलाटावरून पाहिले तर तो ताशी १८० किलोमीटर वेगाने परत येतो. दुबळा चेंडू सबळ झाला; ऊर्जा इंजिनाने दिली. प्रकाशाचा वेग असा वाढू शकत नाही, पण फोटॉनाची कंप्रता आणि तिच्याबरोबर ऊर्जा वाढू शकते. यालाच उलटा कॉम्प्टन परिणाम म्हणतात.

जवळ येणाऱ्या गाडीची शिट्टी चढ्या स्वरात ऐकू येते, हा डॉप्लर परिणाम सर्वांच्या परिचयाचा आहे. येथे तो दोनदा घडतो. समोरून येणाऱ्या इलेक्ट्रॉनाला लेसरचा प्रकाश चढ्या कंप्रतेचा दिसतो, ही पहिली चढण. इलेक्ट्रॉनाने परत फेकलेला प्रकाश आपल्याला आणखी चढलेला दिसतो, ही दुसरी. सापेक्षतेच्या सिद्धान्तात वेगवान कणासाठी लॉरेंट्झ गुणक नावाचा एक आकडा असतो. कणाची एकूण ऊर्जा त्याच्या स्थिर ऊर्जेच्या किती पट आहे, हे तो सांगतो. समोरासमोरच्या टकरीत फोटॉनाची ऊर्जा या गुणकाच्या वर्गाच्या चौपटीपर्यंत वाढते.

आकडे घालून पाहू. इलेक्ट्रॉनाची ऊर्जा ५०० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट असेल तर गुणक सुमारे ९८० येतो. त्याच्या वर्गाची चौपट सुमारे ३८ लाख. लेसरच्या तांबड्यापलीकडच्या प्रकाशातील एका फोटॉनाची ऊर्जा १.५५ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. ती ३८ लाखांनी गुणली, की जवळपास ६ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा फोटॉन मिळतो. अणुगर्भातून बाहेर पडणाऱ्या गॅमा किरणांच्या तोडीचा!

भाभांचा वर्षाव

इलेक्ट्रॉन आणि गॅमा किरण यांच्या या देवाणघेवाणीच्या इतिहासात एक मुंबईकर फार लवकर येतो. होमी भाभा यांनी केंब्रिजमध्ये असताना १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्याबरोबर विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धान्त मांडला. कार्लसन आणि ओपेनहायमर यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे तो मांडला होता. वेगवान इलेक्ट्रॉन अणुगर्भाजवळून जाताना गॅमा किरण सोडतो; त्या गॅमा किरणातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी जन्मते; ते दोघे पुन्हा गॅमा किरण सोडतात. पुढच्याच वर्षी भाभांनी असेही दाखवून दिले, की विश्वकिरणांतील वेगवान मेसॉन आपल्याला अधिक काळ टिकलेला दिसायला हवा. त्याचे आयुष्य वाढवणारा आकडा म्हणजे वर आलेला लॉरेंट्झ गुणकच.

मार्च १९४४ मध्ये भाभांनी सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीला पत्र लिहिले आणि १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. आधी बंगलोरला आणि त्याच वर्षी मुंबईत. जमशेटजींच्या मृत्यूनंतर खोपोलीची योजना तडीस नेणारे दोराबजी ते हेच. आणि त्यांच्या पत्नी मेहरबाई या भाभांच्या आत्या. तेव्हा खोपोलीचे नळ आणि मुंबईचा लेसर यांच्यात निव्वळ उपमेचे नाते नाही. या नात्याला दुसरीही बाजू आहे. टाटांच्याच पुढच्या योजनेत, मुळशीला, मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या आणि १९२१ मध्ये सेनापती बापटांनी तेथे सत्याग्रह केला. विज्ञानाचा इतिहास शिकवताना पाणी कोठून आले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हेही विद्यार्थ्यांना कळावे, असे आम्हाला वाटते.

लेसर आला, पण गॅमा मोजकेच

उलटा कॉम्प्टन परिणाम आधी आकाशात दिसेल असे वाटले होते. विश्वकिरणांतील इलेक्ट्रॉन ताऱ्यांच्या प्रकाशावर आदळून आपली ऊर्जा घालवत असावेत, असे फीनबर्ग आणि प्रिमाकॉफ यांनी १९४८ मध्ये मांडले. प्रयोगशाळेत हे करण्याइतका प्रखर प्रकाश मात्र नव्हता. १९६० मध्ये मायमन यांनी पहिला रूबी लेसर चालवला. १९६३ मध्ये अमेरिकेत मिलबर्न यांनी आणि आर्मेनियात अरुत्युन्यान व तुमान्यान यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, लेसरचा प्रकाश त्वरकातल्या इलेक्ट्रॉनांवर आदळवण्याची कल्पना मांडली. १९६४ मध्ये मॉस्कोत आणि १९६५ मध्ये अमेरिकेतील केंब्रिज येथे ती सिद्ध झाली. केंब्रिजच्या ६ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या इलेक्ट्रॉनांनी रूबीच्या तांबड्या प्रकाशाचे रूपांतर सुमारे ८५० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतच्या गॅमा किरणांत केले.

तत्त्व सिद्ध झाले. पण हाती गॅमा फोटॉन आले ते अगदी मोजकेच. असे का व्हावे? इलेक्ट्रॉन हे प्रकाशासाठी फार लहान लक्ष्य आहे. एका चौरस सेंटीमीटरचे १ वर २४ शून्ये इतके तुकडे केले, तर त्यातल्या एका तुकड्याच्या दोन-तृतीयांश एवढेच त्याचे टक्करक्षेत्र भरते. म्हणून प्रकाश अतिशय लहान ठिपक्यात गोळा करावा लागतो.

समजा, एक ज्यूल ऊर्जेचा लेसर-स्पंद आपण १० मायक्रोमीटर त्रिज्येच्या ठिपक्यात एकवटला. त्यात ४ वर १८ शून्ये इतके फोटॉन असतात. हिशेब केला तर त्या ठिपक्यातून जाणाऱ्या प्रत्येक इलेक्ट्रॉनाची सरासरीने जवळपास एक टक्कर होते. ही झाली आदर्श स्थिती. पण प्रकाश इतका बारीक फार अंतरापर्यंत राहत नाही. ठिपक्याच्या मागेपुढे अर्ध्या मिलिमीटरच्या आतच तो पसरू लागतो. आता २० नॅनोसेकंदांचा स्पंद घेतला, तर त्याची लांबी होते सहा मीटर! सहा मीटर लांबीच्या त्या प्रकाशापैकी मिलिमीटरभर प्रकाशच कामाचा, बाकी वाया. ऊर्जा तेवढीच ठेवून स्पंद आखूड करता आला, तरच ही कोंडी फुटणार होती.

पसरा, वाढवा, आवळा

आखूड स्पंद बनवण्याच्या युक्त्या १९६० च्या दशकापासूनच सापडत गेल्या. अडचण वेगळी होती. आखूड स्पंदाची ऊर्जा वाढवू गेले, की त्याच्या प्रखरतेने वर्धकाचा स्फटिकच भाजून निघे. १९८५ मध्ये डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांनी अमेरिकेतील रॉचेस्टर येथे यावर तोड काढली. शाळेत खिचडी वाटताना सगळी मुले एकदम पातेल्यावर तुटून पडली तर पातेलेच उलटेल. म्हणून आपण त्यांची लांब रांग लावतो, एकेकाला वाढतो आणि मग सगळ्यांना एका खोलीत एकत्र बसवतो. स्ट्रिकलंड आणि मूरू यांनी हेच केले. आधी स्पंद त्याच्या रंगांनुसार लांब पसरवला, मग त्याला ऊर्जा वाढली आणि शेवटी पुन्हा आवळून घेतला. २०१८ च्या नोबेल पारितोषिकात या युक्तीचा गौरव झाला. आजचे आखूड स्पंदांचे टेरावॅट लेसर बहुतेक याच मार्गाने चालतात.

याचे फळ लवकरच दिसले. १९९६ मध्ये अमेरिकेतील बर्कली येथे ५० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या इलेक्ट्रॉनांवर काटकोनातून लेसर सोडून सुमारे ३०० फेम्टोसेकंदांचे क्ष-किरण स्पंद मिळवण्यात आले. हे गॅमा किरण नव्हते; त्यांची ऊर्जा ३० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट होती. पण विखुरलेला स्पंद फेम्टोसेकंदांइतका आखूड असू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले.

येथे एक बारकावा सांगायला हवा. विद्यार्थ्यांना वाटते, की लेसर जितका आखूड तितका गॅमा स्पंद आखूड. काटकोनातल्या टकरीत ते काही अंशी खरे आहे. समोरासमोरच्या टकरीत मात्र गॅमा किरण इलेक्ट्रॉनांच्याच दिशेने आणि त्यांच्या अगदी पुढेपुढे धावतात. इलेक्ट्रॉनही जवळजवळ प्रकाशाच्याच वेगाने येत असल्यामुळे सुरुवातीला सुटलेला आणि शेवटी सुटलेला गॅमा किरण यांच्यात अंतर पडतच नाही. त्यामुळे गॅमा स्पंदाची लांबी ठरते ती इलेक्ट्रॉनांच्या पुंजक्याच्या लांबीवरून. ऊर्जा इलेक्ट्रॉनांच्या वेगाकडून आणि आखूडपणा इलेक्ट्रॉनांच्या पुंजक्याकडून! आता गरज होती ती आखूड पुंजक्याची.

लाटेवरचे इलेक्ट्रॉन

पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात ८ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा मायक्रोट्रॉन बांधण्यात आला. १९८० च्या सुमारास त्याची माहिती प्रसिद्ध झाली. त्याचे इलेक्ट्रॉन जड धातूवर आदळले, की ८ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचे सर्व प्रकारचे गॅमा किरण एकत्रच बाहेर पडतात. हीच भाभांच्या वर्षावातील पहिली पायरी. पण त्याच इलेक्ट्रॉनांवर लेसर सोडला, तर मिळेल जेमतेम १.७ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा मऊ क्ष-किरण. म्हणजे उलट्या कॉम्प्टनने गॅमा मिळवायचे तर कित्येक पटींनी मोठा त्वरक हवा, आणि मोठा त्वरक म्हणजे मोठी इमारत व मोठा खर्च.

१९७९ मध्ये ताजिमा आणि डॉसन यांनी यातून वाट सुचवली होती. आखूड लेसर-स्पंद वायूत शिरला, की होडीमागे पाण्यात लाट उठावी तशी त्याच्यामागे आयनीभूत वायूत विद्युत-लाट उठते. या लाटेवर स्वार झालेला इलेक्ट्रॉन काही मिलिमीटरांत तेवढी ऊर्जा मिळवतो, जेवढीसाठी नेहमीच्या त्वरकाला कित्येक मीटर लागतात. २००४ मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि अमेरिका येथील तीन गटांनी असे नीटनेटके इलेक्ट्रॉन-झोत मिळवून दाखवले. आपल्याकडे इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातही लेसरने इलेक्ट्रॉन त्वरित करण्याचे प्रयोग झाले. डॉ. दिलीप भवाळकर हे या केंद्राचे पहिले संचालक. लेसर आणि त्वरक या दोन्ही विद्या एकाच आवारात नांदाव्यात, अशीच त्याची रचना होती.

या लाटा इतक्या लहान असतात, की त्यांवर स्वार झालेला पुंजकाही आपोआप आखूड होतो. २०११ मध्ये फ्रान्समधील गटाने अशा पुंजक्याचा काळ दीड फेम्टोसेकंदाच्या आसपास असल्याचे मोजले. २०१२ मध्ये तेथेच एक सुरेख युक्ती वापरली गेली. इलेक्ट्रॉन त्वरित करणाऱ्या लेसरच्याच वाटेत एक पातळ पत्रा ठेवला. लेसर त्यावरून परावर्तित झाला आणि मागून येणाऱ्या आपल्याच इलेक्ट्रॉनांवर समोरून आदळला! २०१४ मध्ये नेब्रास्का विद्यापीठात याच जातीच्या प्रयोगातून ९ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा किरण मिळाले.

मोजलेले आणि अनुमानलेले

असे स्पंद कशासाठी हवेत? प्रत्येक अणुगर्भ ठरावीक ऊर्जेच्याच गॅमा किरणांना प्रतिसाद देतो. त्यामुळे बंद पेटीत युरेनियमचे कोणते समस्थानिक आहे, ते पेटी न उघडता ओळखता येते. जाड धातूच्या आतली चीरही त्यांनी दिसते. अणुगर्भाच्या अभ्यासात तर त्यांचा उपयोग उघडच आहे.

मात्र दोन गोष्टी वर्गात स्पष्ट सांगाव्यात. पहिली अशी, की या गॅमा स्पंदांचा फेम्टोसेकंदांतला काळ सहसा थेट मोजलेला नसतो. इलेक्ट्रॉन-पुंजक्याचा काळ मोजतात आणि त्यावरून गॅमा स्पंदाचा काळ ठरवतात. हे अनुमान पक्क्या सिद्धान्तावर उभे आहे, तरी ते अनुमान आहे. दुसरी गोष्ट म्हणजे, अणुगर्भाच्या आतल्या जलद घडामोडी फेम्टोसेकंदाच्याही दहा लाखाव्या भागात उरकतात. त्या टिपण्याइतका आखूड गॅमा स्पंद कसा बनवावा, यावर सिद्धान्ताच्या पातळीवर विचार चालू आहे. तेथपर्यंतचे अंतर दहा लाख पटींचे आहे. २०२३ चे नोबेल पारितोषिक ज्या अ‍ॅटोसेकंद स्पंदांना मिळाले, ते स्पंद अतिनील प्रकाशाचे होते, गॅमा किरणांचे नव्हते. या दोहोंची गल्लत होऊ देऊ नये.

पुढच्या वेळी खोपोलीच्या वीजघराची सहल निघेल, तेव्हा प्रत्येक विद्यार्थ्याच्या तळहातावर दहा थेंब पाणी ठेवावे आणि नळांकडे पाहत त्याला हिशेब करायला सांगावे. हे थेंब माथ्यावरून खाली आले तर किती ज्यूल? ते एका सेकंदात खर्च केले तर किती वॅट? २५ फेम्टोसेकंदांत केले तर किती? ऊर्जा आणि शक्ती यांतला फरक एकदा हातावर उमटला, की पुढचा सारा इतिहास समजण्याची वाट मोकळी होते.